जुन्या कंबरदुखीसाठी सौम्य कायरोप्रॅक्टिक : सहा भेटींची चाचणी कशी करावी

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हात-पाय मुरगळला की हाडवैद्याकडे जायचं, ही रीत महाराष्ट्रातल्या खेड्यांत अजून टिकून आहे. त्यामुळे हातानं पाठ ‘बसवून’ देणारा कायरोप्रॅक्टर आपल्याला तसा परका वाटत नाही. मोबाइलवर हाडांच्या ‘कडाक’ आवाजाचे व्हिडिओ फिरतात आणि वर्षानुवर्षं कंबर धरून बसलेल्या माणसाला वाटतं, आपणही जाऊन बघावं का? लगेच दुसरी शंका येते, की तो झटका आपल्याला सोसेल का?

झटका न देताही हा उपचार करता येतो. त्याच्या चार-पाच वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि काही जणांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. मात्र उपयोग होतोय की नाही हे ठरवायला मोजमाप लागतं आणि थांबायची जागा आधीच ठरवावी लागते. तसं न करता गेलेला माणूस एक तर दोन भेटींत कंटाळून सोडून देतो, नाही तर वर्षभर पैसे भरत राहतो. म्हणून इथे सहा भेटींची एक चाचणी मांडली आहे. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी ती आहे, काल-परवा भरलेल्या उसणीसाठी नाही.

उपचार नेमका काय करतो

डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट या गावी कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली. मणका जागचा हलला की नसांमधला प्रवाह अडतो आणि त्यातून बहुतेक आजार होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आजच्या शरीरशास्त्राला ते मान्य नाही. निरोगी पाठीतला मणका असा सहजासहजी निसटत नाही आणि हातानं दाबून तो ‘जागेवर’ही जात नाही. आवाज येतो तो हाडावर हाड घासल्याचा नसतो. सांधा ताणला गेला की त्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो. २०१५ साली बोटाच्या सांध्याचा एमआरआय चालू असतानाच हे टिपलं गेलं. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला असं नाही आणि आला नाही म्हणून भेट वाया गेली असंही नाही. सौम्य पद्धतींत तर तो बहुधा येतच नाही.

मग बरं का वाटतं? सांधा आणि स्नायू हलवले की तिथून मेंदूकडे जाणारे संदेश काही काळ बदलतात, आवळलेला स्नायू सैल होतो, दुखण्याची धार कमी होते. हा परिणाम काही तास ते काही दिवस टिकतो. या उसंतीत तुम्ही हालचाल वाढवली तरच त्याचं पुढे काही होतं. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, कारण सगळी चाचणी त्यावरच उभी आहे.

जुन्या कंबरदुखीवर मणक्याच्या हस्तोपचाराच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. व्यायामासारख्या शिफारस केलेल्या इतर उपचारांइतकाच याचा परिणाम दिसला, त्यांच्याहून जास्त नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार पर्यायांमध्ये आहे, पण सशर्त. ब्रिटनच्या सूचना सांगतात की तो व्यायामाच्या जोडीनंच द्यावा, एकटा नाही. अपेक्षा तेवढीच ठेवावी.

पायरी १ : आधी डॉक्टर कुणाला लागतो

खालीलपैकी काहीही असेल तर कायरोप्रॅक्टरची वेळ घेऊ नका.

लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा गेला, जांघांच्या आत आणि गुदद्वाराभोवती, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं आहेत. इथे उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, कुशी बदलूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं, यांत आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आधी डोक्यात यायला हवा. तो खोकल्याशिवायही असू शकतो. क्षयानं पोखरलेल्या मणक्यावर दाब पडणं धोक्याचं आहे. पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर नव्यानं सुरू झालेल्या पाठदुखीची तपासणी आधी व्हावी.

वय पंचेचाळिशीच्या आत, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ टिकणारा आखडलेपणा, पहाटे दुखून जाग येणं, विश्रांतीनं दुखणं वाढणं आणि हालचालीनं कमी होणं, हा नमुना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा, म्हणजे मणक्याला सूज आणून आखडवणाऱ्या संधिवाताचा असू शकतो. यासाठी संधिवाततज्ज्ञ लागतो. अशा कितीतरी तरुणांची पाठ ‘गॅस’ आणि ‘चुकीचं बसणं’ यांच्या नावावर वर्षानुवर्षं ढकलली जाते.

पाळी थांबलेल्या स्त्रिया, बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेले रुग्ण, किरकोळ पडण्यानं हाड मोडलेली माणसं, यांनी आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्यावी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ते हाडांच्या ठिसूळपणाचं निदान आहे. अशा पाठीला झटका नकोच. सौम्य दाबही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे पहिल्याच वाक्यात सांगा.

शेवटी दोन गोष्टी घरी करून बघा. अनवाणी, भिंतीजवळ, टाचांवर १० पावलं आणि मग चवड्यांवर १० पावलं चाला. एका पायाचा पंजा उचलला जात नसेल, किंवा एका पायावर उभं राहून टाच वर करताना एका बाजूला १० वेळा जमतं आणि दुसरीकडे दोन-तीनदाच, तर नसेवर दाब असू शकतो. आधी मणक्याच्या किंवा मेंदूविकारांच्या डॉक्टरांना दाखवा.

यातलं काही नाही, दुखणं बसण्या-उठण्यानं आणि दिवसाच्या वेळेनुसार कमी-जास्त होतं, असं असेल तर तुम्ही या चाचणीला योग्य आहात. पुढची गोष्ट बहुतेक वयस्कर माणसांची असते. देवळाच्या रांगेत उभं राहिलं की दोन्ही पाय भरून येतात, पायरीवर टेकलं की पाच मिनिटांत मोकळे होतात. हे मणक्याची नळी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. निदान झाल्यावर त्यांना पुढे दिलेली टेबलाची पद्धत झटक्यापेक्षा जास्त मानवते.

पायरी २ : एमआरआयचा कागद बाजूला ठेवून वही उघडा

अहवालात ‘एल-४ एल-५ डिस्क बल्ज’ वाचलं की दोन मणक्यांमधली ‘गादी सरकली’ म्हणून माणूस वाकणंच सोडतो. पण पाठ अजिबात न दुखणाऱ्यांचे अहवाल तपासले, तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या सुमारे ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली. गादीची झीज विशीतच ३७ टक्क्यांत सापडली. केस पिकावेत तसं हे बरंचसं वयाबरोबर येतं. अहवाल सोबत न्या, पण उपचार तुमच्या हालचालींवरून ठरू द्या. वर सांगितलेली लक्षणं नसतील आणि एमआरआय काढलेला नसेल, तर केवळ या भेटीसाठी तो काढायची गरज नाही.

वहीत चार आकडे लिहा. पहिला, गेल्या ७ दिवसांतलं सरासरी दुखणं, ० ते १० मध्ये. उरलेले तीन तुमच्या रोजच्या कामांचे. काम नेमकं हवं. ‘कंबर दुखते’ असं लिहून काही मोजता येत नाही. ‘ओट्याशी उभं राहून १० भाकऱ्या थापता येतात का’, ‘दुचाकीवर किती मिनिटं बसवतं’, ‘मांडी घालून जेवण पूर्ण होतं का’, ‘अर्धी बादली उचलवते का’ अशी कामं निवडा आणि प्रत्येकाला ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे पूर्वीसारखं जमतं, असे गुण द्या. चाचणी सुरू होण्याआधी एकदा आणि नंतर दर रविवारी त्याच वेळी हे भरा.

दुखण्याचा आकडा सुमारे ३० टक्क्यांनी, किंवा १० पैकी २ अंकांनी उतरला, तर तो बदल खरा समजतात. ६ वरून ५ झाला तर तो चांगल्या-वाईट दिवसांचा चढउतार असू शकतो. कामाचे आकडे मात्र जास्त खरं बोलतात. दुखणं ६ वरून ५ वरच आलं, पण दुचाकीवर १० ऐवजी ३५ मिनिटं बसवायला लागलं, तर उपचार लागू पडतोय.

पायरी ७ मधले व्यायाम आणि चालणं सोडलं तर या चार आठवड्यांत दुसरं काही नवीन सुरू करू नका. एकाच महिन्यात पंचकर्म, झोपायची नवी गादी, जिम आणि कायरोप्रॅक्टर असं सगळं केलं की बरं वाटलं तरी कशानं वाटलं ते कळत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं चालूच ठेवा. वेदनाशामक घेतल्या दिवशी वहीत तशी खूण करा.

पायरी ३ : माणूस निवडणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारं वेगळं वैधानिक मंडळ नाही. म्हणजे दारावर ‘कायरोप्रॅक्टर’ लिहायला अमेरिकेत चार वर्षं शिकलेला माणूस मोकळा आहे आणि शनिवार-रविवारचं शिबिर केलेलाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली किमान प्रशिक्षणाचा जो आराखडा दिला, त्यात नव्यानं शिकणाऱ्यासाठी ४,२०० तास आहेत आणि त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम करण्याचे. पदवी कुठली, किती वर्षांची, कुठल्या संस्थेची, हे विचारण्यात संकोच नको. चांगला माणूस हे प्रमाणपत्र भिंतीवरच लावतो.

दुसरी वाट आपल्याकडे जास्त सुलभ आहे. सांध्यांच्या हस्तोपचाराचं पुढचं शिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट यातल्या बऱ्याच सौम्य पद्धती वापरतात. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक मागता येतो. जवळपास पूर्ण शिकलेला कायरोप्रॅक्टर नसेल तर हाच पर्याय आम्ही आधी सुचवू. पाटीवरच्या नावापेक्षा हात आणि तपासणी महत्त्वाची.

परदेशातल्या मराठी वाचकांचं काम यात सोपं आहे. ब्रिटनमध्ये जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या आणि ऑस्ट्रेलियात आहप्रा या आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, अमेरिकेत प्रत्येक राज्याचं परवाना मंडळ असतं. आई-वडील अमेरिकेत मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यावर असतील तर एवढं लक्षात ठेवा, की कायरोप्रॅक्टरकडचा मणक्याचा हस्तोपचार त्यात अटींवर धरतात, त्यानं सांगितलेला एक्स-रे नाही.

वेळ घेताना फोनवर एवढं विचारा : पहिल्या भेटीत तपासणीला किती वेळ देता? झटका न देता कुठल्या पद्धती वापरता? मानेला हात न लावता कमरेवरच उपचार कराल का? किती भेटींनंतर फेरतपासणी करता? प्रत्येक भेटीचे पैसे वेगळे देता येतात का?

या उत्तरांवरून बरंच कळतं. पहिल्याच दिवशी २४ किंवा ४० भेटींचं पॅकेज, आगाऊ भरल्यास सवलत, येणाऱ्या प्रत्येकाचा संपूर्ण पाठीचा एक्स-रे, ‘तुमचा एक पाय आखूड आहे’ म्हणून टेबलावर दाखवणं, मधुमेह किंवा दमाही बरा करण्याचा दावा, उपचार करताना मोबाइलवर चित्रीकरण. यातलं एक जरी दिसलं तरी परत फिरा. मानेभोवती पट्टा अडकवून ओढण्याचा जो प्रकार व्हिडिओंत दिसतो त्याचा कंबरदुखीशी काही संबंध नाही. मानेच्या जोरदार झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याचे आणि पक्षाघाताचे प्रसंग नोंदलेले आहेत. ते विरळ आहेत, पण दुखणं कमरेचं असताना तो धोका पत्करण्याचं कारणच नाही.

पायरी ४ : ‘सौम्य’ म्हणजे नेमकं काय, ओळखून घ्या

टेबलाची पद्धत सर्वांत उपयोगी. तुम्ही पालथे झोपता, टेबलाचा कमरेखालचा भाग बिजागरीवर खाली-वर होतो. उपचार करणारा एका तळहातानं दुखऱ्या मणक्याच्या वरचा भाग धरून ठेवतो आणि दुसऱ्या हातानं टेबल हळूहळू खाली नेतो. पाय दुखत असेल तर सुमारे ४ सेकंदांचं एक आंदोलन, अशा ५ आंदोलनांचा एक संच आणि असे ३ संच, ही रूढ पद्धत आहे. त्याआधी सहनशक्ती बघावी लागते. टेबल अगदी थोडं खाली नेऊन क्षणभर थांबतात. तेवढ्यानं पायात कळ गेली तर त्या दिवशी ताण द्यायचा नसतो. ही पायरी गाळणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी पाय धरून बसण्याची वेळ येते.

हातानं हलवण्याची पद्धत आणखी साधी. अंगठा किंवा तळहात मणक्यावर ठेवून सेकंदाला एक-दोनदा लयीत दाब, ३० ते ६० सेकंद, मग थांबून विचारणा. दाबाच्या चार पायऱ्या असतात. जास्त दुखणाऱ्या पाठीला पहिल्या दोन, आखडलेल्या पाठीला पुढच्या दोन. पाचर ठेवण्याच्या पद्धतीत ओटीपोटाच्या हाडांखाली दोन तिरक्या उश्या ठेवून काही मिनिटं पडून राहायचं असतं, दाब तुमच्या स्वतःच्या वजनाचा. घसरत्या टेबलाचा तुकडा दाब देताच सेंटिमीटरभर खाली पडतो. मोठा आवाज होतो, पण तो टेबलाचा.

आणि स्प्रिंगचं उपकरण. पेनापेक्षा जाड, टोकाला रबर, ‘टक’ करून क्षणार्धात बारीक ठोका देतं. घाबरलेल्या माणसाला हे आवडतं. मात्र सौम्य म्हणजे अधिक गुणकारी असं समजू नका. तीन महिन्यांच्या आतल्या कंबरदुखीवर १०७ जणांची एक चाचणी अमेरिकेत झाली होती. तिच्यात चार आठवड्यांनी हाताचा झटका घेतलेल्यांना उपकरणवाल्यांपेक्षा जास्त बरं वाटत होतं, पुढे तीन आणि सहा महिन्यांनी तो फरक उरला नाही. सौम्य पद्धत निवडायची ती सोसते म्हणून, ठिसूळ हाडं किंवा भीती असेल म्हणून.

पायरी ५ : पहिली भेट

सैल ट्रॅक पँट किंवा सलवार आणि सुती टी-शर्ट. साडी नेसून तपासणी नीट होत नाही. दोन तास आधी भरपेट जेवू नका, पालथं झोपायचं असतं. स्त्रियांनी सोबत कुणाला आत न्यायचं असेल तर तसं सांगावं, तो तुमचा हक्क आहे.

पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास लागायला हवा आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ बोलण्यात आणि तपासण्यात जावा. गुडघ्यावर आणि टाचेमागे छोट्या हातोडीनं ठोका, अंगठा वर ओढून ताकद बघणं, उताणं झोपवून सरळ पाय वर उचलणं, हे झालंच पाहिजे. पाय ३० ते ७० अंशांपर्यंत उचलताना गुडघ्याखाली वीज गेल्यासारखी कळ आली तर ती नसेची खूण मानतात. नुसता मांडीमागचा स्नायू ताणला गेला तर ती नाही. हे काहीच न करता थेट टेबलावर झोपवलं, तर उठून या.

सुरुवातीला ठरवून घ्या की ‘थांबा’ म्हटलं की हात थांबेल. आणि उपचार चालू असताना दुखणं कुठे जातं ते सांगत राहा. सगळ्या चाचणीतली ही सर्वांत मोलाची माहिती आहे. पोटरीतलं दुखणं मांडीत आलं, मांडीतलं कुल्ल्यात आलं, तर ते चांगलं लक्षण, मग कमरेत क्षणभर वाढलं तरी हरकत नाही. कमरेतलं दुखणं खाली उतरत पायात गेलं तर ती हालचाल तुमच्यासाठी नाही. बरेच जण संकोचानं गप्प पडून राहतात, डॉक्टरांना राग येईल म्हणून. कृपा करून गप्प राहू नका.

पायरी ६ : घरी आल्यावर

एक-दोन दिवस अंग जड वाटणं, दाबलेल्या जागी ठणकणं, थकवा, हे निम्म्या लोकांना होतं आणि बहुधा २४ तासांत ओसरतं. दवाखान्यातून निघाल्यावर लगेच तासभर गाडी चालवू नका. आधी १०-१५ मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. रात्री गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं. नव्यानं आलेला बधिरपणा, पायातली अशक्तता किंवा ४८ तासांनंतरही चढतं दुखणं असेल तर पुढची भेट रद्द करून डॉक्टरांना दाखवा.

पायरी ७ : वेळापत्रक आणि उसंतीचा वापर

पहिले दोन आठवडे आठवड्याला दोन भेटी, पुढचे दोन आठवडे एकेक. चार आठवड्यांत सहा भेटी झाल्या की वही उघडा. दुखणं ३० टक्क्यांनी उतरलं किंवा तीनपैकी दोन कामांत दोन-दोन गुणांची वाढ झाली, तर पुढे जा. काहीच हललं नाही तर थांबा. सहा भेटींत न हललेलं दुखणं बाराव्या भेटीत अचानक हलेल, ही आशा खर्चिक ठरते.

वरची मर्यादा साधारण बारा भेटींची. ४०० जणांच्या एका अमेरिकी चाचणीत सहा आठवड्यांत ०, ६, १२ आणि १८ भेटी देऊन तुलना केली होती. बारा भेटींचा गट थोडा पुढे होता, अठरांनी जास्त काही मिळालं नाही, आणि एकूण फरक लहानच होता. ‘दर महिन्याला यावंच लागेल’ असं सांगतात त्याबद्दलही एक स्वीडिश चाचणी आहे, ३२८ जणांची. सुरुवातीच्या उपचारानं ज्यांना नक्की बरं वाटलं होतं, त्यांनी ठरवून अधूनमधून भेटी चालू ठेवल्या, तेव्हा वर्षभरात त्रासाचे सुमारे १३ दिवस कमी झाले. ज्यांना आधीच गुण आलेला नाही त्यांनी मासिक भेटींच्या नादी लागू नये.

आता उसंतीचा वापर. भेटीनंतरचे दोन दिवस पाठ जरा मोकळी असते, तेव्हाच पुढचे व्यायाम बसवा. गुडघे आणि तळहात टेकून रांगायच्या स्थितीत पाठ हळूच वर-खाली करा, ६ ते ८ वेळा. त्याच स्थितीत उजवा हात आणि डावा पाय सरळ करून १० सेकंद धरा, मग बाजू बदला. एका कुशीवर कोपर आणि गुडघे टेकून कंबर उचला, १० सेकंद. उताणं झोपून एक गुडघा दुमडा, दोन्ही हात कमरेच्या पोकळीखाली ठेवा, डोकं आणि खांदे जेमतेम उचला, १० सेकंद. पहिल्या फेरीत प्रत्येक प्रकार ६ वेळा, दुसरीत ४, तिसरीत २. आकडा उतरता ठेवण्याचं कारण असं, की दमलेला स्नायू कंबर सांभाळत नाही आणि शेवटच्या फेरीतच ढब बिघडते.

यासोबत चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांची एक चाचणी झाली, तिचा निकाल २०२४ साली आला. कंबरदुखीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा ३० मिनिटं चालण्यापर्यंत नेलं. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना पुन्हा दुखणं येईपर्यंत २०८ दिवस गेले, असा कार्यक्रम न दिलेल्या गटात ११२. तुम्हाला आज ५ मिनिटंच जमत असेल तर ५ मिनिटांनी सुरू करा आणि दर चार दिवसांनी २ मिनिटं वाढवा.

सकाळच्या पहिल्या तासाची काळजी घ्या. रात्रभर झोपून मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून टम्म झालेल्या असतात, त्यामुळे तेव्हा कंबरेतून पूर्ण वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. उठल्याउठल्या केर काढणं, बसून फरशी पुसणं, पाण्याचा हंडा उचलणं, आणि हो, सूर्यनमस्कारही, तासभर पुढे ढकला. सूर्यनमस्कार सोडू नका, फक्त पाठ जागी होऊ द्या आणि वाकताना गुडघे सैल ठेवा. लांब दांड्याचा पोछा घ्या.

बरं वाटूनही गाडी अडते तेव्हा

दर वेळी भेटीनंतर बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी जैसे थे होतं. याचं कारण बहुतेकदा टेबलावर सापडत नाही, त्या तीन दिवसांत सापडतं. घरचे व्यायाम झालेले नसतात, किंवा बरं वाटलं म्हणून एकाच दिवसात महिन्याची साचलेली कामं उरकलेली असतात. वहीत दिवसाची कामं लिहून हे पकडता येतं.

कमरेचा पट्टा दिवसभर बांधलात तर स्नायू आपलं काम विसरतात. प्रवासापुरता किंवा जड कामापुरता बांधा. ‘कठीण पलंगावर, शक्यतो जमिनीवर झोपा’ हा सल्ला घरोघरी मिळतो, पण जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत मध्यम कडक गादीवाल्यांना कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला होता. जमिनीवर झोपून सकाळी आखडत असाल तर चटईवर दोन गोधड्या वाढवून आठवडाभर बघा.

झोप पाच तासांवर आली असेल, घरात आजारपण किंवा नोकरीची धास्ती चालू असेल, तर दुखण्याचा आवाज वाढतो. दुखणं खोटं असतं असं मुळीच नाही. चेतासंस्था जागी राहून साधा संदेशही मोठा करते. सहा भेटींत आकडे हलले नाहीत आणि वरचं सगळं तपासून झालं, तर तिसरा-चौथा कायरोप्रॅक्टर शोधण्यापेक्षा वेदना उपचार केंद्रात जा, जिथे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक एकत्र बघतात. पायातली कळ कमरेपेक्षा जास्त असेल तर मणक्याच्या शल्यचिकित्सकाचं मत घ्या. मत घेतलं म्हणजे शस्त्रक्रिया ठरली असं होत नाही. जाताना वही सोबत न्या, चार आठवड्यांचे ते आकडे कुठल्याही नव्या डॉक्टरला जाड फाइलीपेक्षा लवकर कळतात.